झाकणावरची शिवण

३ फेब्रुवारी

ही वही लेकीने दिली ती रोजचा रक्तदाब लिहायला. आकडे लिहून काय उजेड पडणार आहे? त्यापेक्षा तो ज्याच्यामुळे वाढतो त्याच्याबद्दलच लिहिलेलं बरं. घरात बोललं की भांडण होतं. वही निदान उलट बोलत नाही.

तर आज जावयाने माझं कापायचं टेबल घेतलं. विचारलंसुद्धा नाही. सकाळी खाली आले तर माझं रेक्झिन जमिनीवर आणि टेबलावर गाडीचा डॅशबोर्ड, पोट फाडल्यासारखा, जिकडेतिकडे वायरी. आमचे हे असताना या टेबलावर चहाचा कप ठेवायची कुणाची छाती नव्हती. हे गेले आणि दोन शटरांचं दुकान माझ्या गळ्यात आलं. एकात मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. दुसरं भाड्याने द्यायचं ठरत होतं, तेवढ्यात जावई ज्या गॅरेजात वायरिंगचं काम करायचा ते बंद पडलं आणि लेक त्याला घेऊन वरच्या खोलीत राहायला आली. थोडे दिवस, म्हणाली होती. ते थोडे दिवस काही संपत नाहीत.

"आई, कन्सोल करतोय," तो म्हणाला. "डॅशबोर्डचा मधला भाग काढून टाकायचा. तिथे स्क्रीन, मागचं दाखवणारा कॅमेरा, चार्जिंगचे पॉइंट, पंख्याची बटणं, सगळं एकाच पेटीत. ज्याला जसं हवं तसं."

"आणि मला हवं तसं टेबल?"

"दोन दिवस द्या."

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. जावई आहे, केलंच पाहिजे. वहीत करणार नाही. इथे तो बहाद्दर.

५ फेब्रुवारी

टेबल मिळालं नाही. मी जमिनीवर बसून कापलं आणि मुद्दाम मोठ्याने कण्हले. लेक जिन्यावरून धावत आली.

"आई, पाठ धरली का?"

"पाठ कसली धरते? जागा धरली लोकांनी."

बहाद्दर ऐकत होता. डोकं डॅशबोर्डमध्ये खुपसलेलं, पण कान लाल झाले होते. मला बरं वाटलं. लेक म्हणाली, "महिन्याअखेरीला मैदानावर गाड्यांच्या सामानाचं प्रदर्शन आहे. तिथे एक टूरिस्ट व्हॅनवाला मालक येणार आहे. त्याला आवडलं तर त्याच्या सगळ्या व्हॅन आपल्याकडे येतील. तेवढे दिवस कळ काढ."

आपल्याकडे! माझ्या दुकानात येऊन मला सांगतात, आपल्याकडे.

९ फेब्रुवारी

बहाद्दराने प्लायवूडची पेटी केली, तिच्या फटींत लांबी भरली आणि वाळल्यावर घासायला घेतली. धूळ सगळी माझ्या रेक्झिनवर. काळं रेक्झिन पांढरं झालं. मी ती सगळी धूळ झाडून गोळा केली आणि त्याच्या चपलांत नीट भरून ठेवली. संध्याकाळी त्याने चपला झटकल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जेवायला येताय ना आई?" या शांतपणाचाच मला जास्त संताप येतो. माणसाने निदान भांडावं तरी.

जेवताना कहर झाला. लेकीला सांगत होता, "आता साच्यातली तयार कव्हरं येतात. सीटवर घातली की बसलीच. टाका घालायचं कामच नाही." मी तिथे भात कालवत बसलेली. माझ्याच ताटावर बसून माझ्या धंद्याचा तेरावा घालतो. मी उठून गेले. लेक मागून आली, म्हणे त्याचं बोलणं अर्धंच ऐकलंस. मला अर्धं पुरतं.

११ फेब्रुवारी

अबोला. मी चहा केला, माझा एकटीचा.

१४ फेब्रुवारी

आज एक गोष्ट लिहावी लागतेय, जिवावर आलं तरी. त्याच्या वायरी सुबक असतात. मी लपून बघितल्या. एकेका रंगाची जुडी, कापडी टेप गुंडाळलेली, कुठे वळवळ नाही. माझ्या हातून झाल्या असत्या तर मीही अशाच केल्या असत्या. बस, एवढंच.

दुपारी तो माझ्या बाजूला आला. घसा खाकरला.

"आई, कव्हर तुम्ही शिवाल का?"

"तयार मिळतात ना साच्यातली?"

"याला नाही चालणार. मला ह्या दारापासून त्या दारापर्यंत सगळा डॅशबोर्ड एकाच रेक्झिनमध्ये हवाय. पेटी मागाहून बसवली असं वाटायलाच नको. ते तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

मनात म्हटलं, आला की नाही ताळ्यावर. वरून म्हटलं, बघते. आणि लगेच माप घ्यायला गाडीत बसले; डॅशबोर्ड त्याने परत गाडीत लावून ठेवला होता. गाडी त्याचीच आहे, वापरलेली घेतलेली, पण चांगली. कन्सोल हिच्यातच बसवून प्रदर्शनात मांडायचा. ड्रायव्हरच्या शेजारी, जिथे लेक बसते, तिच्या समोर डॅशबोर्डवर एक रुंद झाकण आहे. कोपऱ्यात इंग्रजीत बारीक अक्षरं कोरलेली. कंपनीचं नाव असणार. रेक्झिनखाली जाईल.

तेवढ्यात बहाद्दर वाकून म्हणाला, "या झाकणाच्या कडेने जी शिवण येईल ती कच्ची ठेवा. बारीक सुती दोरा, टाके लांब. आणि इथे चिकटवायचं सोल्युशन लावू नका."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कच्ची?"

"हो. याच्या आत—"

"आत काय आहे ते तुमचं तुम्ही बघा. बाहेरचं मी बघते. शिवण कशी घालायची ते मला शिकवू नका."

"आई, पण कारण ऐका तरी—"

"ऐकलं. बारीक दोरा, लांब टाके. अजून काही?"

तो आपल्या वायरींकडे परत गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कच्ची शिवण! माझी शिवण उसवली असं म्हणणारा अजून जन्माला यायचाय.

१५ फेब्रुवारी

सकाळपासून विचार करतेय आणि आता डाव ध्यानात आला. प्रदर्शनात लोक हात लावणार, दाबून बघणार. कच्ची शिवण सगळ्यांसमोर उसवणार. मग हा म्हणणार, बघा, हाताने शिवलेलं टिकत नाही, आता साच्यातलंच घेऊ. माझं मशीन कोपऱ्यात आणि दोन्ही शटरं याची. गोड बोलून काटा काढायची ही तऱ्हा. लेकीला हे सांगितलं तर माझ्यावरच उखडेल. ती त्याच्या डोळ्यांनी बघते.

खरंच एवढा कावेबाज असेल का, असंही एकदा मनात आलं. चपलांतली धूळ झटकून जेवायला बोलावणारा माणूस. पण अशीच माणसं असतात.

१६ फेब्रुवारी

शिवलं. झाकणाच्या कडेचा जोड आतून नायलॉनच्या जाड दोऱ्याने घातला, दोनदा. त्याच्याखाली कॅनव्हासची पट्टी चिकटवली, सोल्युशन भरपूर. आणि वरून, दिसायला, बारीक सुती दोऱ्याचे लांब लांब टाके. बघणाऱ्याला वाटावं कच्ची शिवण आहे. बैल जुंपले तरी निघायची नाही. शिवताना मी गुणगुणत होते म्हणे. लेक म्हणाली, कित्येक दिवसांनी ऐकलं.

१८ फेब्रुवारी

कन्सोल बसला. कबूल करते, देखणा झालाय. माझं रेक्झिन एखाद्या अंगाबरोबर शिवलेल्या कपड्यासारखं बसलंय, मध्ये त्याची स्क्रीन, खाली बटणांची रांग. बहाद्दराने झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"इथे बारीक दोराच घातलाय ना आई?"

"डोळे आहेत ना तुम्हाला? दिसत नाही?"

"दिसतंय. तरी विचारतो."

"तुम्ही सांगितलंत तसंच केलंय."

"नक्की?"

"आता शपथ घालता का?"

"नाही नाही," म्हणाला आणि हसला. मलाही हसू आलं, वेगळ्या कारणाने.

२१ फेब्रुवारी

रोज दोघं गाडी घेऊन बाहेर जातात. खड्ड्यांतून नेतात, कन्सोल खडखडतो का बघायला. लेक पुढे बसते, मांडीवर वायरी तपासायचं मीटर घेऊन. आज मुद्दाम विचारलं, "शिवण काय म्हणतेय?" लेक म्हणाली, "काय म्हणणार? जागची हलली नाही." मी म्हटलं, "हलणारही नाही." बहाद्दराकडे बघून म्हटलं. त्याला काही कळलं नाही. जिंकल्याचं सुख असं एकटीने भोगावं लागतं.

२५ फेब्रुवारी

कालचं लिहिते. 

सकाळी दोघं गाडी घेऊन प्रदर्शनाला गेले. लेकीने विचारलं, येतेस का? मी म्हटलं, माझं तिथे काय काम? आग्रह करेल असं वाटलं होतं. केला नाही.

दुपारी शेजारचा काचवाला हाका मारायला लागला. गाड्यांच्या काचा बसवतो, जिभेने जरा सैल आहे पण माणूस सरळ. त्याच्याकडे एक आपटलेली गाडी आली होती. पुढची काच चुरा, नाक आत गेलेलं. डोकावले तर शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डचं झाकण कडेने सरळ रेषेत फाटून वर उघडलेलं, आणि त्यातून एक पांढरी मळकी पिशवी बाहेर लोंबत होती.

मला काय आनंद झाला! "बघा," मी म्हटलं, "एवढी मोठी कंपनी आणि शिवण बघा कसली. एका धक्क्यात उसवली."

काचवाला हसायलाच लागला. "काकू, ती उसवायलाच पाहिजे. एअरबॅग आहे ती. गाडी आपटली की आतून फुगून फटकन बाहेर येते, माणसाचं डोकं झेलते. म्हणून तिथली शिवण कच्ची ठेवतात. या सीटवर बाई होती, नुसतं खरचटलं तिला."

"आणि पक्की असली तर?"

"तर पिशवी बाहेर यायचीच नाही. नाहीतर आख्खं झाकण उपटून तोंडावर बसेल. तोफेसारखा जोर असतो तिला. काही येडे लोक डॅशबोर्डवर कव्हरं चिकटवतात ना, अगदी—"

पुढचं मी ऐकलं नाही. मी खाली बसले, त्याच्या दुकानाच्या पायरीवर, काचांच्या चुऱ्यात. याच्या आत, असं म्हणाला होता तो. याच्या आत. आणि मी त्याला पुढे बोलू दिलं नव्हतं.

लेकीला फोन लावला. मागे गर्दीचा आवाज.

"तू कुठे बसलीयेस?"

"म्हणजे?"

"गाडीत पुढे बसू नकोस. येताना मागे बस."

"आई, आता मी कुठे बसायचं तेही तूच ठरवणार का? आजचा एक दिवस तरी सोड त्याला. मालक आलेत, गाडीत बसून बघतायत, नंतर बोलू." आणि ठेवला. परत लावला तर उचलला नाही. बहाद्दराला लावला, त्यानेही नाही. त्यांनी का उचलावा? या महिन्यात मी केलेला प्रत्येक फोन कुठल्या ना कुठल्या तक्रारीचा होता.

आणि नंतर ते मालकाला गाडी चालवून दाखवणार होते. लेक पुढे, बटणं समजावून सांगायला.

काचवाल्याला म्हटलं, टेंपो काढ. त्याने कारण विचारलं नाही, माझं तोंड बघूनच काढला. कापायचं ब्लेड माझ्या ओच्याला होतं.

मैदानावर मंडपच मंडप, भोंगे, गाड्यांची दारं उघडी. आमची गाडी लांबूनच ओळखली. भोवती माणसं होती. शेजारच्या सीटवर तो व्हॅनवाला मालक आरामात रेलून बसला होता आणि बहाद्दर दारात वाकून सांगत होता, "स्क्रीन कुठेही मिळेल साहेब. ही शिवण बघा. आमच्या सासूबाईंचा हात आहे. साच्यातल्या कव्हरांना लोक भुलतात, पण असा हात असताना साचा कशाला? तुमच्या सगळ्या व्हॅनला त्याच शिवतील."

मी ऐकलं. ऐकून पाय थांबले असते तर बरं झालं असतं की वाईट, मला माहीत नाही. थांबले नाहीत.

"उठा," मी मालकाला म्हटलं.

"कोण तुम्ही?"

"जिचा हात आहे ती. उठा आधी."

तो उठला. मी आत बसले आणि झाकणाच्या कडेला ब्लेड घातलं. लेक किंचाळली. कुणीतरी माझा दंड धरला, मी झटकला. सुती टाके एका ओढीत गेले. खालचा नायलॉन निघेना. कॅनव्हासही निघेना. माझंच काम मला दाद देत नव्हतं. मी दोन्ही हातांनी ओढत होते आणि लोक मोबाइल वर करून बघत होते.

"आई, काय करतेयस तू? तुला इतकं बघवत नाही का?" लेक रडत होती. "सोड! सोड ते!"

बहाद्दराने तिला मागे सारलं. त्याला खालचा जाड दोरा दिसला होता. त्याने माझ्या हातातून ब्लेड घेतलं, उरलेली पट्टी स्वतः उसवली, कॅनव्हास सोलून काढला आणि बाहेर येऊन उभा राहिला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी विचारलं होतं तुम्हाला," तो म्हणाला. हळू म्हणाला. "तोंडावर विचारलं होतं. नक्की का, म्हणून."

"मी खोटं बोलले."

"ती रोज तिथे बसत होती. खड्ड्यांतून नेली मी तिला. ट्रकच्या मागून नेली."

मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर मी उत्तर दिलं असतं, मला तेवढं येतं. तो ओरडला नाही.

लेकीने विचारलं, "का केलंस?"

"शिवण उसवली तर नाव जाईल माझं, असं वाटलं."

"नावाचं कळलं," लेक म्हणाली. "आणि माझं काय?"

मालक आपली विजार झटकत होता. "आधी घरातलं मिटवा, मग माझ्या व्हॅनचं बघू," म्हणाला आणि पुढच्या मंडपात गेला. बहाद्दर त्याच्या मागे गेला नाही. काचवाल्याने मला घरी आणून सोडलं. 

२७ फेब्रुवारी

वरच्या खोलीतून पावलांचा आवाज येतो, बोलण्याचा येत नाही. लेक जिन्यावरून खाली आली, माझ्यासमोरून गेली, पाणी भरून परत वर गेली. मी हाक मारली. तिने ऐकलं. थांबली नाही.

तो वाईट आहे असं मानून मी महिना काढला, आणि त्यात मला मजा येत होती. आता तो खरोखर माझ्यावर चिडलाय, आणि या वेळी त्याच्याकडे कारण आहे. टेबल रिकामं करून ठेवलंय त्याने. पुसूनसुद्धा. मला त्यावर काही कापवत नाही.

१ मार्च

आज तो माझ्या बाजूला आला. दिवसभराचं काम आटोपलं होतं, ऊन शटरात आलं होतं. हातात आमच्या गाडीच्या डॅशबोर्डचं झाकण, भंगारातून आणलेलं, कंपनीची शिवण असलेलं तसंच दुसरं एक झाकण आणि सुती दोऱ्याचं रीळ. तिन्ही टेबलावर ठेवली. आई म्हणाला नाही.

"शिवा. मी इथे उभा राहतो."

मी आधी रेक्झिनच्या तुकड्यावर शिवण घातली. त्याने एक टोक धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं. ओढलं. तुटायला वेळ लागला. मग कंपनीच्या झाकणाची शिवण तशीच ओढून दाखवली, ती चटकन सुटली.

"परत," तो म्हणाला.

टाके लांब केले. परत ओढलं. "परत." दोरा बदलला. "परत." शिवायची आणि दोघांनी मिळून फाडायची. उभ्या आयुष्यात मी उसवावी म्हणून शिवण घातली नव्हती. हाताला कळतच नव्हतं, तो आपोआप टाका आवळायचा. मी रडत होते, मशीनवर पडत होतं. त्याने बघितलं असणार. तुकडा पुढे केला आणि म्हणाला, "अजून सैल."

शेवटी एक शिवण कंपनीच्यासारखीच सुटली. त्याने मान हलवली. मग मी झाकणावर तीच घातली, सोल्युशनचा डबा टेबलावरून खाली ठेवून. त्याने आतून बघितलं, उजेडात धरून बघितलं, टाके बोटाने मोजत गेला. मी बघू दिलं.

"बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"दिसतंय बरोबर. खरं ते गाडी आपटल्याशिवाय कळत नाही."

झाकण बसवून त्याने गाडी बाहेर काढली. व्हॅनवाल्याच्या अड्ड्यावर जाऊन एकदा बोलून बघणार होता. लेक खाली आली. तिने पुढचं दार उघडलं, नव्या शिवणीकडे बघितलं, दार लावलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. माझ्याकडे बघितलंही नाही. बहाद्दराने किल्ली फिरवली, स्क्रीन उजळली.

मला काय वाटलं ते लिहून सांगता यायचं नाही. मी शटर अर्धं ओढलं, गाडीपाशी गेले, पुढचं दार उघडलं आणि त्या झाकणासमोर बसले.

"तुम्ही कुठे?" त्याने विचारलं.

"जिथे तुम्ही जाताय तिथे."

मागून लेक काही बोलेल म्हणून मी थांबले.  बहाद्दराने आधी आरशात तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पट्टा लावा," तो म्हणाला.

मी पट्टा लावला.